ताई, रजा मिळाली नाही

लेपेका : तिसऱ्यांदा नंबर फिरवलास आणि तिसऱ्यांदा ठेवलास. फोन आहे की गरम तवा?

हाकारिया : शेवटचा आकडा चुकला असता. मागच्या खेपेला आठच्या जागी नऊ दाबला, आणि लागला कुणाकडे? पाद्रीबाबांकडे.

लेपेका : मग "चुकून लागला" म्हणून ठेवून द्यायचा.

हाकारिया : फाकाओफोसारख्या एवढ्याशा बेटावर चुकून फोन लागतो होय? ते म्हणाले, बरं झालं लागला, आता आलाच आहेस तर प्रार्थना करू या. अर्धं कार्ड त्यात गेलं. उरलेल्या अर्ध्यात त्यांनी विचारलं, तिकडे पोरिरुआत चर्चला नियमित जातोस का. खोटं बोलायला लागलो तोच कार्ड संपलं. देवानेच वाचवलं म्हणायचं.

लेपेका : आज ठेवायचा नाही. मंगळवार आहे, सकाळ आहे, तिकडे सोमवार आहे. प्रार्थना नाही, काही नाही. तुझी फोउआताई घरात एकटी बसली असेल.

हाकारिया : सोमवारच आहे ना नक्की? की आपण एक दिवस पुढे म्हणून तिकडे बुधवार?

लेपेका : कप्पाळ माझं! बत्तीस वर्षं झाली या देशात येऊन. ते मागे, आपण पुढे. रात्री झोपेतून उठवलं तरी पोरं सांगतील.

हाकारिया : पोरांनी कुठे त्या हिशेबावर आपिआहून बेटावर जाणारी बोट चुकवली आहे? मी चुकवली आहे. ज्याचं भाजलंय तो फुंकर मारणारच.

लेपेका : बस चालवत होतास तेव्हा एकदा तरी उशीर झाला का रे तुला?

हाकारिया : तीस वर्षांत एकदाही नाही. घड्याळ लावून घ्यायचे लोक माझ्या बसवर. आणि स्वतःच्या घरी जायला काय काढलं? "बोट सोमवारी आहे, मंगळवारी इथून विमानाने निघू, म्हणजे आपिआला सोमवारी पोहोचू." मला वाटलं, काय डोकं चालवलंय! दुसऱ्या कुणाला सुचलं नसतं.

लेपेका : सुचलं नाहीच कुणाला.

हाकारिया : पोहोचलो की सोमवारीच! फक्त संध्याकाळी. बोट सकाळी गेली होती. धक्क्यावर मी, माझं खारवलेल्या मांसाचं पिंप आणि एक कुत्रं. पुढची बोट पंधरा दिवसांनी आणि माझी रजा बारा दिवसांची. सहा दिवस रोज धक्क्यावर जाऊन बसायचो, जणू बोटीला माझी दया येऊन ती परत फिरणार होती.

लेपेका : आणि ताईला काय सांगितलंस?

हाकारिया : "रजा मिळाली नाही, ताई. साहेब फार कडक आहे."

लेपेका : साहेबाने तर तुझ्या हातात केक दिला होता. "घरी चाललास, खूप आनंद झाला" असं वर लिहिलेला.

हाकारिया : तो केकही मीच खाल्ला, आपिआत, धक्क्यावर बसून. कुत्र्याला दिला थोडा.

लेपेका : अकरा वर्षं झाली त्याला. आज ते सांगायचं. आणि मग ते दुसरं विचारायचं.

हाकारिया : दुसरं तू विचार ना. आजवर तूच विचारत आलीस. "हे म्हणतायत, छपराला पत्रे पाठवू का?" असं. किती सोपं पडतं.

लेपेका : पत्र्यांचं विचारलं मी. पोराच्या लग्नाचं विचारलं. हे नाही विचारणार. कायमचं तिकडे राहायला यायचं, तिच्या घरात, तिच्या चुलीशी. त्या घरात कोण राहणार, कुणाच्या पानात काय पडणार, ते घरातली मोठी बाई ठरवते. आणि मोठी बाई तुझी बहीण आहे, माझी नाही. मी पलीकडच्या बेटावरची, नुकुनोनूची. उद्या म्हणेल, नुकुनोनूवाली घर बळकावायला निघाली.

हाकारिया : भावाने बहिणीशी असं तोंडावर बोलायचं नसतं गं. आमच्या घरात तर फारच पाळतात. मी बारा वर्षांचा झालो त्या दिवसापासून तिने मला "तू" म्हटलेलं नाही. आदल्या दिवशी माझ्या पाठीत धपाटा घातला होता, "ऊठ, नारळ सोल," म्हणून. दुसऱ्या दिवशी, "आपण नारळ सोलणार का?" मला वाटलं, ही आजारी आहे.

लेपेका : आणि तू?

हाकारिया : मी पण "तुम्ही". चेष्टा नाही, मस्करी नाही, समोरासमोर बसायचं नाही. पन्नास वर्षं झाली. आमचं बोलणं म्हणजे चर्चच्या दारावरची सूचना. वारा कसा आहे. मासे कसे आहेत. सर्वांना नमस्कार.

लेपेका : तिला आता दिसत नाही नीट, हाकारिया. पोरं तिची कोणी इथे हट्ट शहरात, कोणी सिडनीला. ती इकडे यायला तयार नाही. त्या घरात ती एकटी भिंतीला हात लावत फिरते.

हाकारिया : माहीत आहे मला. म्हणूनच तर झोप लागत नाही. आई गेली तेव्हा मी इथे बस चालवत होतो. पुन्हा तसं व्हायला नको आहे मला. पण ताई "नाही" म्हणाली तर? "बत्तीस वर्षं कुठे होतात?" म्हणाली तर?

लेपेका : तर मी आहे. कार्डावर किती मिनिटं आहेत?

हाकारिया : बारा. आपल्या देशाचं नाव सांगितलं तर दुकानदाराने आधी टोकियोचं कार्ड हातात ठेवलं होतं. मी म्हटलं, टोकेलाऊ. तो म्हणाला, टोंगा? मी म्हटलं, टोकेलाऊ. तो म्हणाला, असा देश आहे? मी म्हटलं, मलाही कधीकधी शंका येते.

लेपेका : फिरव. आणि नीट ऐक. तुझा आवाज वर आकाशात जाणार, तिकडे उतरणार, मग तिचा वर जाणार, इकडे उतरणार. म्हणून एक वाक्य बोलायचं आणि थांबायचं. थांब्यावर बस उभी करायचास ना? तस्सं. म्हातारी माणसं उतरेपर्यंत हलायचं नाही.

हाकारिया : स्पीकर लाव. मला एकट्याला ऐकवणार नाही. आठ... आठच ना? लागला. वाजतोय. लेपेका, वाजतोय!

(पलीकडून घरघर आणि कोंबड्यांचा आवाज.)

फोउआ : कोण?

हाकारिया : ताई, मी हाकारिया. पोरिरुआहून.

फोउआ : कोण बोलतंय?

हाकारिया : हाकारिया! तुमचा भाऊ!

फोउआ : हां, हाकारिया. बोला. बरे आहात ना?

हाकारिया : हो, मीच.

लेपेका : अरे थांब ना! एकमेकांच्या अंगावर पडताय दोघं.

हाकारिया : मी बरा आहे, ताई. तिकडे वारा कसा आहे?

फोउआ : पूर्वेचा आहे. मासे चांगले लागतायत. तुमच्याकडे?

हाकारिया : आमच्याकडे थंडी आहे. ताई, तुमच्या डोळ्यांना काही फरक आहे का? मी... म्हणजे आम्ही दोघं... आम्ही कायमचे तिकडे राहायला आलो तर तुम्हाला चालेल का?

लेपेका : एका दमात दोन? थांब्यावर न थांबताच निघालास!

फोउआ : नाही. अजिबात नाही.

हाकारिया : ऐकलंस? नाही म्हणाली. अजिबात नाही.

लेपेका : अरे, ते डोळ्यांचं—

हाकारिया : बरं, ताई. समजलं. तुमचं बरोबर आहे. तुमच्या जागी मी असतो तर मीही नाहीच म्हटलं असतं.

फोउआ : चालेल ना. न चालायला काय झालं?

हाकारिया : काय चालेल म्हणाली?

लेपेका : अरे देवा! डोळ्यांना फरक "अजिबात नाही", आणि तुम्ही आलात तर "चालेल". आणि तू मध्येच स्वतःच्या तोंडाने नाही म्हणून बसलास!

फोउआ : तुम्ही नाही म्हटलं असतं? का? मी तिकडे आले असते तर तुम्ही नाही म्हणाला असता?

हाकारिया : नाही, नाही, ताई!

फोउआ : बरं.

हाकारिया : लेपेका, आता हे "बरं" कशाला होतं?

लेपेका : हात काढ फोनच्या तोंडावरून. ताई, मी लेपेका. ह्यांचं काही ऐकू नका. ह्यांना तिकडे यायचं आहे, तुमच्याजवळ राहायला. फक्त तेवढंच विचारायचं होतं. आता मी गप्प बसते आणि हेही गप्प बसतील. तुम्ही बोला. (हाकारियाला) श्वास घे.

फोउआ : लेपेका, बाई, बरं झालं तुम्ही आहात. घर त्यांचंही आहे. मला काय विचारायचं? पण यंदा तरी बोट कोणत्या दिवशीची आहे ते नीट बघून या म्हणावं.

हाकारिया : ताई? बोट कोणत्या दिवशीची म्हणजे?

लेपेका : थांब आता.

फोउआ : आपिआच्या धक्क्यावर तुम्ही सहा दिवस पिंपावर बसला होतात ना. ते म्हणते.

हाकारिया : ताई... रजा मिळाली नाही असं मी... ते खोटं होतं. मला लाज वाटली. बोट चुकली असं कोणत्या तोंडाने सांगणार होतो? तुम्हाला कुणी सांगितलं?

फोउआ : सगळ्या बोटीने. पंधरा दिवसांनी बोट आली आणि त्यातली चौदा माणसं एकामागून एक सांगायला आली. एकाने तर बसून दाखवलं, तुम्ही कसे बसला होतात ते. कुत्र्याला केक दिलात, तेही कळलं.

लेपेका : कुत्र्याचंही कळलं!

हाकारिया : मग अकरा वर्षं तुम्ही बोलला कशा नाहीत?

फोउआ : भावाला कुणी असं बोलतं का? तुम्ही म्हणालात रजा नाही, मी म्हटलं साहेब दुष्ट आहे. पाद्रीबाबांना सांगून तुमच्या साहेबासाठी प्रार्थनासुद्धा करवली.

हाकारिया : बिचाऱ्या साहेबासाठी?

लेपेका : एक मिनिट राहिलं. कार्डवाली बाई बोलतेय.

हाकारिया : ताई, ऐका, एकच मिनिट आहे. मला माफ करा. सगळ्यासाठी. आईच्या वेळी आलो नाही, त्यासाठी. मी येणार. तुमचं सगळं मी करीन. पाणी भरीन, नारळ सोलीन.

लेपेका : थांब. थांब्यावर थांब.

फोउआ : तुम्ही धक्क्यावर होतात ना, त्याच आठवड्यात मी किनाऱ्यावर गेले होते. गावाने पकडलेले मासे घरटी माणसं मोजून वाटत होते. वाटणाऱ्याने हाक दिली, "फोउआच्या घरी किती माणसं?" मी म्हटलं, "दोन." बोट येतच होती ना. पुढच्या खेपेला पुन्हा विचारलं, तेव्हा बोट येऊन गेली होती, सगळ्यांना ठाऊक होतं. मी म्हटलं, "दोन." त्याने माझ्याकडे बघितलं आणि दोन वाटे टाकले. तेव्हापासून विचारतच नाही. दोनच टाकतो.

हाकारिया : अकरा वर्षं?

फोउआ : शेजारच्यांना देते, कोंबड्यांना देते, तरी उरतो. दोन माणसांचं खाऊन खाऊन मी अशी जाड झालेय की दारातून आडवी जाते. आता लवकर ये रे बाबा, हाकारिया. तुझा वाटा तू खा—

लेपेका : गेला. कार्ड संपलं. आणि बोट कुठल्या वारी आहे, ते विचारलंच नाहीस! मूर्ख माणसा, पुन्हा तेच!

हाकारिया : आठवडाभर आधी जाऊन बसू धक्क्यावर. सवय आहे मला.

लेपेका : रडतोयस कशाला मग? चालेल म्हणाली ना. स्पष्ट म्हणाली. दोनदा म्हणाली.

हाकारिया : चेष्टा केली तिने, लेपेका. माझ्याशी.

लेपेका : ऐकलं मी.

हाकारिया : आणि "ये" म्हणाली. "या" नाही म्हणाली.