गोळ्या कुणी वळल्या?

तुमी हसाल, पण भोरच्या हकीमसाबांशी म्या भांडायला गेले व्हते. सासूबाईंची बोटं आखडली व्हती, भाकरी थापता येईना. हकीमसाबांनी जडीबुटी कुटून मधात घट्ट मळलेला गोळा डब्यात दिला. म्हणाले, "आजी, रोज सकाळी यातल्या हरभऱ्याएवढ्या पाच गोळ्या वळा आन् दुधासंगं घ्या. पण ताज्या, आपल्या हातानं."

मार्गासनीला घरी आलो. पहिलीच गोळी वळताना सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. मला काय बघवंना. म्या एका बैठकीत सगळ्या वळून बरणी भरून ठेवली.

महिना झाला तरी बोटं तशीच. बरणी आन् सासूबाई, दोघींना घेऊन गेले. म्हणलं, "लई नाव ऐकलं व्हतं तुमचं. काय बी गुण न्हाई."

हकीमसाबांनी एक गोळी उजेडात धरली. "लई गोल हाय. कुणी वळली?"

"म्या."

"मग गुण तुमच्या बोटांना आला असंल."

सासूबाईंनीच माझी बाजू घेतली. "तिला बोलू नका. भाकरी तीच थापती, माझ्या केसांची येणीबी तीच घालती. मला काय सुदिक करू देत न्हाई, इतका जीव लावती."