डॉक्टरांच्या कपाटातले भालेवाले

आदरणीय आबा, शैलावहिनी, आणि साताऱ्याहून, वाईहून, कराडहून सांगलीपर्यंत आलेले आपण सर्व जण,

बोलण्यासाठी उभा राहिलो आहे खरा. पण काय बोलावे हे मला ठाऊक नाही. साताऱ्याच्या महाविद्यालयात मी संख्याशास्त्र शिकवले. आयुष्यभर फळ्यासमोर उभा राहिलो, घसा कधी कोरडा पडला नाही. आजही तो कोरडा पडलेला नाही. काहीच झालेले नाही. गुरुवारी सकाळी फोन आला की दातांचा दवाखाना उघडण्यापूर्वीच आपले डॉक्टर सुहास गेले. मी "बरं" म्हणालो आणि फोन ठेवला. त्या "बरं"च्या पुढे मी अजून सरकलेलो नाही. म्हणून माझ्याकडून काळजाला हात घालणाऱ्या भाषणाची अपेक्षा करू नका. मला समजावून सांगता येते. तेवढेच करतो. वहिनींनी मला तेवढेच सांगितलेही आहे.

आपल्यापैकी जे गेल्या काही दिवसांत डॉक्टरांच्या घरी जाऊन आले, त्यांनी बैठकीच्या खोलीतले काचेचे कपाट पाहिले असेल. पाहिलेच असेल, खुर्च्या त्याच्याच समोर मांडल्या होत्या. त्या कपाटात बोटभर उंचीच्या सैनिकांची एक काल्पनिक फौज आहे. वरच्या खणात पंख पसरलेला एक ड्रॅगन, एक राजा, एक चेटकीण. आणि खालचे सगळे खण? भालेवाले. खांद्यावर घोंगडी, डोक्याला पागोटे, हातात तारेचा भाला. सगळे एका साच्यातले. एकासारखा दुसरा, दुसऱ्यासारखा तिसरा. आपल्याला प्रश्न पडला असेल. एवढा सुंदर ड्रॅगन घडवू शकणारा माणूस तेच ते भालेवाले का घडवत बसला?

हा प्रश्न मला आबांनीही विचारला. आबा म्हणजे डॉक्टरांचे थोरले बंधू, सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. आणि शनिवारी वहिनींनी विचारला. त्या म्हणाल्या, "भावजी, इतकी वर्षं मी त्या कपाटाची काच पुसली, पण हे काय आहे ते कधी विचारलं नाही. दोन्ही पुतण्यांना ड्रॅगन हवाय. गणेश मंडळाची पोरं भालेवाले मागतायत, देखाव्यासाठी. आबा म्हणतात, वाटून टाका. तुम्ही सभेत सांगा हे काय होतं. मग मी ठरवते."

तर हे काय होते, ते सांगतो.

मित्रहो, हा एक खेळ आहे. दोन खेळाडू, एक मोठे टेबल, त्यावर पुठ्ठ्याच्या टेकड्या, मोजपट्टी आणि फासे. आम्ही सातारचे काही, सांगलीचे काही. म्हणून जागा मधली, कराडची. एका मंगल कार्यालयाच्या मागच्या खोलीत, पंगतीची टेबले जोडून, महिन्यातून एका रविवारी आम्ही लढत असू. पण खरा खेळ रविवारी सुरू होत नाही. तो आधी घरी सुरू होतो. कोणती फौज न्यायची? कोणाला घ्यायचे, कोणाला वगळायचे? या निवडीला नियम असतात. आणि हे नियम, मित्रहो, बदलत आले आहेत. तो बदल समजला की कपाट समजते.

पहिली पायरी अगदी सोपी. प्रत्येक सैनिकाला काही गुण ठरवून दिलेले. साध्या भालेवाल्याला थोडे, राजाला पुष्कळ, ड्रॅगनला त्याहून पुष्कळ. दोन्ही बाजूंनी गुणांची बेरीज सारखी ठेवायची. झाली बरोबरी! कागदावर झाली. टेबलावर काय झाले? दिवाळीच्या किल्ल्यासाठी मुलाला बाजारात मोकळे सोडा. ते आधी सिंहासन उचलते, मग हत्ती, मग तोफ. घरी आल्यावर लक्षात येते, दरवाज्यावर उभा करायला मावळाच नाही. खेळाडूंचेही तसेच झाले. सगळे गुण दोन वीरांवर उधळायचे आणि दोघांनीच लढाई मारायची. त्याला फौज कोण म्हणेल?

म्हणून दुसरी पायरी आली, टक्केवारीची. वीरांवर अमुक हिश्शापेक्षा जास्त खर्च करायचा नाही. राक्षस, पशू, तोफा, त्यांनाही मर्यादा. आणि साध्या सैनिकांवर निदान चौथा हिस्सा खर्च केलाच पाहिजे. पाहा, किती सुंदर कल्पना आहे! साधा सैनिक आता कुणाच्या मर्जीवर नाही. तो आहे म्हणून बाकीच्यांना येण्याची परवानगी आहे. डॉक्टरांनी पहिला साचा केला तो या काळात. आयात केलेले सैनिक परवडत नव्हते. दवाखान्यात दातांच्या प्रतिकृती ओतण्याचे पिवळसर प्लास्टर होते. त्यांनी माण-आटपाडीकडे पाहिलेला धनगर डोळ्यांसमोर ठेवून मेणात एक भालेवाला कोरला, त्याचा साचा घेतला, आणि प्लास्टर ओतत गेले. नियमाला लागत होते तेवढे ओतले.

तिसरी पायरी, जागांची. टक्केवारी गेली. फौजेत प्रकार आले: मूळचे, खास आणि दुर्मीळ. मूळच्या साध्या तुकड्या इतक्या तरी हव्यात, दुर्मीळ इतक्यापेक्षा जास्त नकोत. मोजायला सोपे. पण माणूस हुशार असतो. नियमाला तुकडी हवी ना? मग लहानात लहान तुकडी घ्यायची, कोपऱ्यात उभी करायची आणि विसरून जायचे. आम्ही सगळे तसेच करत होतो. डॉक्टर मात्र त्याही काळात भालेवाल्यांची लांबलचक रांग मांडत आणि बहुतेक वेळा हरत.

मी एकदा त्यांना म्हणालो, "डॉक्टर, नियमाला एवढे लागत नाहीत."

ते म्हणाले, "सर, माझ्याकडे लोक पुढचे दात दाखवायला येतात. हसताना दिसतात ना! पण दाढ गेली की जेवण गेलं. दाढ काढून घेतलेल्या माणसाला मी विचारतो, आता जेवण कसं? तो म्हणतो, पातळ."

माफ करा. मी हसणार नव्हतो.

चौथी पायरी सर्वांत विचित्र. या प्रकारच्या एका मोठ्या खेळाच्या नव्या आवृत्तीत गुणच काढून टाकले. बेरीज नाही, टक्के नाहीत, जागा नाहीत. जे आवडेल ते आणा आणि समोरच्याशी बोलून ठरवा. स्वातंत्र्य! त्या रविवारी शिरवळचा आमचा इरफान, तो तिथे मागे बसला आहे, कारखान्यातली पाळी संपवून थेट कराडला आला आणि पिशवीतून ड्रॅगन काढू लागला. एकामागून एक. टेबलावर ड्रॅगनच ड्रॅगन.

योगायोगाने त्या दिवशी आबा डॉक्टरांबरोबर आले होते. दारातच उभे राहून म्हणाले, "ह्ये कसलं सैन्य म्हनायचं रं?"

इरफान म्हणाला, "आबा, सगळे जबरदस्त आहेत. एकेक जण शंभराला भारी."

"व्हय, पर सगळंच सुभेदार! मग पानी कोन आननार? खंदक कोन खननार? आनि रातच्याला पहाऱ्याला काय तुजा बा हुबा ऱ्हानार?"

इरफान म्हणाला, "आबा, ड्रॅगनला पहारा लागत नाही."

"लागतो गड्या. झोपतो न्हवं त्यो?"

आम्ही सगळे हसलो. डॉक्टर तर हसता हसता खुर्चीत कोसळले. आबांनी त्या दिवशी हा प्रकार "भावल्यांचा ख्योळ" म्हणून निकालात काढला. पण निघताना एका भालेवाल्याचा भाला सरळ करून गेले.

ते बिननियमी दिवस फार टिकले नाहीत. खेळाडूंनीच गुण परत मागितले आणि ते परत आले. आज पाचवी पायरी चालू आहे. एका खेळात प्रत्येक सरदाराच्या हाताखाली कोणत्या तुकड्या येऊ शकतात ते आधीच लिहिलेले असते. आधी सरदार निवडायचा, मग त्याची माणसे. फौजेची यादी मोबाईलच करून देतो. दुसरीकडे जुन्या धाटणीचा एक खेळ नव्याने निघाला आणि त्यात टक्केवारी परत आली. म्हणजे आपण पुढे गेलो की गोल फिरलो? मला वाटते, प्रत्येक पिढी एकच प्रश्न नव्या रीतीने सोडवते आहे: मोठ्याला आवर कसा घालायचा आणि साध्याला जागा कशी राखायची. यावर मी तासभर बोलू शकतो. डॉक्टर असते तर मला हाताने खूण करून थांबवले असते. आज कोणी थांबवत नाही, म्हणून माझे मीच थांबतो.

आता आपला प्रश्न. गुणांचे नियम गेले त्या काळात भालेवाल्यांची गरज शून्य होती. कोणी सक्ती करत नव्हते. आणि मित्रहो, त्या कपाटातले बहुतेक भालेवाले त्याच काळातले आहेत! मी डॉक्टरांना विचारले होते, का? ते प्लास्टर ढवळत होते. मान वर न करता म्हणाले, "नियम होता तोवर नियमासाठी करत होतो, सर. नियम गेला तेव्हा कळलं, मला हेच करायचं होतं."

एवढेच उत्तर आहे. याहून खोल काही माझ्याजवळ नाही.

राहिला वहिनींचा निर्णय. आबा वाटून टाका म्हणतात, त्यामागे विचार आहे. ते मला म्हणाले, "सर, वस्तू धूळ खात पडली, की मानसाची आटवन बी धूळ खाती. पोरांच्या हातात तरी जाऊ दे." हे मला खोटे म्हणता येत नाही. वहिनी म्हणतात, "फौज ठेवायची तर ती मांडणारं कुणीतरी पाहिजे. तुम्ही लोक कराडला जमणार आहात का पुढं?" मी कपाटातले भालेवाले मोजू लागलो. इरफानने मोबाईलवरच्या आमच्या गटावर विचारले होते, "येता रविवार?" त्याला अजून कोणी हो म्हटलेले नाही. मीही नाही. कराडची खोली डॉक्टर ठरवत, फोन डॉक्टर करत, रुसलेल्याला आणायला गाडी घेऊन डॉक्टर जात. आम्ही फक्त फौजा घेऊन पोहोचत होतो.

फौज पुरी झाली की नाही हे पाहण्याची डॉक्टरांची एक पद्धत होती. ती कोणत्याही आवृत्तीच्या नियमात नाही. ते नव्या खेळाडूला म्हणत, "सगळी फौज मांड. आता सेनापती उचल आणि माझ्या हातात दे. हं. आता एका वाक्यात सांग, उरलेले काय करणार?" वाक्य सांगता आले, तर ते म्हणत, झाली फौज. "काहीतरी करतील" असे उत्तर आले, तर म्हणत, हा नुसता जमाव आहे, घरी जाऊन पुन्हा बांध.

ही परीक्षा कोणालाही करता येते. आपल्या कचेरीवर करा, मंडळावर करा, घरावर करा. मी गुरुवारपासून ती आमच्या गटावर करतो आहे. डॉक्टरांना उचलले आहे. उरलेल्यांचे वाक्य मला जुळत नाही. मला दुःखही नीट होत नाही. मी फक्त वाक्य शोधतो आहे.

म्हणून माझी विनंती आहे. आता आपण दोन मिनिटे उभे राहू. डॉक्टरांचा फोटो समोर आहे, पण त्याच्याकडे पाहिले नाही तरी चालेल. मनातल्या मनात ते एक वाक्य करून पाहा: ते नाहीत, आता आपण काय करणार. ज्याचे वाक्य पूर्ण होईल त्याने जाताना ते वहिनींना सांगावे. त्या दाराशी थांबणार आहेत. त्यावर त्या ठरवतील. ज्याचे होणार नाही त्याने काही सांगू नये. खोटे सांत्वन तर मुळीच करू नये.

इरफान, तूही पुढे ये.

डॉक्टर, नमस्कार.

उभे राहू या.