शालनचं बोचकं

मी शिरोड्याची, जन्मले इथे आणि दिलेलीही इथेच. चार यत्ता शिकले, मग आईने डोक्यावर माशांची पाटी दिली, ती अजून उतरलेली नाही. नवरा होडीवर जायचा, तो वारला. मुलगा प्रकाश बारावीपर्यंत गेला, मग त्याने टेम्पो घेतला आणि आम्ही मायलेक मासे घेऊन वर आंबोलीला जाऊ लागलो.

आता टेम्पो वर जातो म्हटलं की गाव काही ना काही देतंच, कुणाचे नारळ, कुणाची कोकमाची सोलं, आणि दुसऱ्याचं बोचकं सोडून बघायचं नसतं, बघितलं की भांडण. शेजारीण शालन, तिचा दिलीप आंबोलीला चहाची गाडी लावतो. ती म्हणाली, गो, एवढी सोलां दिलीपाक पोचव. बोचकं ठेवलं बांगड्यांच्या पाट्यांमागे.

घाटाखाली पोलिसांनी अडवलं. कुत्रा होता. प्रकाश म्हणाला, आये, माशांच्या वासान ह्यो पिसाळतलो. पण काय सांगू तुम्हाला, बांगड्यांकडे त्याने ढुंकून पाहिलं नाही, बोचक्यापाशी जाऊन बसला. साहेब सभ्य होता, म्हणाला, अंगझडती मोठ्या अधिकाऱ्यासमोर घ्या असं सांगायचा तुम्हाला हक्क आहे. प्रकाशला शिकल्याची घमेंड, म्हणाला, मग बोलवा त्यांना. मी म्हटलं, रे, बर्फाचा पाणी होता. तर म्हणाला, हक्क आसा आये, गप रव. अधिकारी आला तोवर मासे मऊ पडले. बाई पोलिसाने मला चाचपलं, काही नाही, प्रकाशकडेही काही नाही. मग बोचकं सोडलं. वर सोलं, खाली गांजा.

वकील म्हणाला, तो हक्क अंगापुरता, बोचक्याला नाही, आणि बोचकं तुमच्या गाडीत मिळालं तर ते तुमचं नाही हे तुम्हीच शाबीत करा. शालन पोलिसांना म्हणाली, मी काय्येक दिलंय नाय. दिलीप म्हणाला, माका ठावक नाय. देताना बघायला कोण होतं? मी होते, पण मी आई, माझं कोण ऐकतो.

गाडी प्रकाशच्या नावावर, म्हणून तो आत आहे, जामीन होत नाही. मी खाली बाजारात बसते, शालन माझ्या शेजारीच. परवा विचारते, पोरगो बरो आसा मां? म्हटलं, दोन येळ जेवता. दिलीपचं लग्न ठरलंय, ते सांगायला घरी आली, तेव्हा तोंडाने म्हटलं, सुखी रवांदे. रोज तिन्हीसांजेला माउलीच्या देवळात तिच्या नावाने गाऱ्हाणं घालते, मोठ्याने. शालन त्या देवळात यायची बंद झालीय.