घड्याळ चालू असताना सांगितलेली चाल

नाव व पत्ता वरच्या रकान्यात घेतला आहे. वय ४७, शिक्षण मॅट्रिक, काम घरसंसार. आज ठाण्यावर हजर होऊन, देवाला स्मरून सांगते की,

माझी मुलगी, वय १९, बुद्धिबळ खेळते. ज्याला मारल्याबद्दल मला बोलावले तो माझा पाठचा भाऊ. मुलीच्या हातात पहिली सोंगटी त्यानेच दिली. तो जुन्या राष्ट्रीय बुद्धिबळ महासंघाचा सचिव होता. आमच्या घरात त्याला सचिवमामाच म्हणत. सुरुवातीला तो रिकाम्या गोदामात स्पर्धा भरवी आणि खेळाडू खेळायच्या टेबलांवरच झोपत. पुढे सरकारी मदत आली, खेळाडू विमानाने परदेशी जाऊ लागले, आणि प्यादे कसे चालते हे ज्यांना ठाऊक नाही तेही खुर्चीसाठी भांडू लागले. महासंघ फुटून दोन झाले. कोर्टकचेऱ्या झाल्या. गेल्या वर्षी सरकारने नव्या महासंघाला मान्यता दिली. भावाच्या कार्यालयाला कुलूप लागले, त्याचे टेबल उचलून फुटपाथवर ठेवले. पलीकडे जो खेळेल त्याला इकडे बंदी, असे दोन्ही बाजूंनी जाहीर झाले.

मुलगी नव्या महासंघाच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली, कारण देशाचा संघ आता तिथूनच निवडतात. भाऊ घरी आला आणि म्हणाला, "ताई, माझ्याच माणसांनी माझ्या छातीवर पाय द्यायचा?" मी म्हटले, "अरे, तुमची भांडणं मिटेपर्यंत पोरीचं वय निघून जाईल." तो म्हणाला, "मग ती स्पर्धा पुरी कशी होते तेच बघतो." रागात तो असाच बोलतो, म्हणून मी मनावर घेतले नाही.

काल शेवटची फेरी होती. डाव जिंकला तर मुलगी संघात, नाहीतर नाही. समोर बँकेत नोकरी करणारी खेळाडू होती. पालकांना दोरीच्या अलीकडे बसवतात. हॉलवरचा चहा महाग म्हणून मी घरून पाणी नेले होते व नामस्मरण करीत बसले होते.

दुपारी दाराची कडी तोडून भाऊ व सात-आठ जण आत आले. काहींकडे काठ्या, एकाकडे लोखंडी नळी. ही माणसे खेळातली नव्हती. त्यांनी दाराकडून एकेक टेबल उलटवायला सुरुवात केली. मुख्य पंच आडवे गेले. "डाव चालू आहेत, आवाज करू नका," असे ते म्हणाले. नळीवाल्याने त्यांच्या कानावर नळी मारली. ते खाली पडले, कानाची पाळी लोंबत होती. एका खेळाडूने डावाचे घड्याळ छातीशी धरले होते, त्याच्या बोटांवर माझ्या भावाने काठी मारली. तीन वेळा मारली. तो मुलगा ओरडला नाही, मला वाटते हॉलमध्ये न ओरडायची सवय असेल. फरशीवर रक्त व सोंगट्या होत्या.

माझी मुलगी व ती बँकवाली उठल्या नाहीत. चाल मुलीची होती आणि तिच्या घड्याळात थोडीच मिनिटे उरली होती. पंच पडलेले, आणि त्यांना विचारल्याशिवाय घड्याळाला हात लावायला दोघी तयार नव्हत्या. मी दोनदा "ऊठ" म्हणाले. तिने ऐकले नाही.

भाऊ त्यांच्या टेबलाशी आला. त्याने काठी उगारली, मग पटाकडे पाहिले. काठी न मारता खाली घेतली. हात मागे बांधून, घरी तिचा डाव पाहत उभा राहायचा तसा तो उभा राहिला. मग म्हणाला, "घोडा दे, पोरी. देऊन टाक घोडा."

याच माणसाने एकदा, खोकून चाल सुचवतो या नुसत्या संशयावरून, एका खेळाडूच्या बापाला हॉलबाहेर काढले होते.

मुलीने मान वर करून माझ्याकडे पाहिले. जवळच्या उलट्या टेबलापाशी जाड लाकडी पट पडला होता. तो मी उचलला, दोरी ओलांडली आणि भावाच्या तोंडावर मारला. तो वाकला तेव्हा पुन्हा मारला. जबडा मोडल्याचे मला ऐकू आले. तो "ताई" म्हणाला. मी तिसऱ्यांदा मारला. मग त्याच्या माणसांनी त्याला ओढत बाहेर नेले.

पंचांनी कानाला टॉवेल लावून, उठून घड्याळ थांबवले. कोणी चाल सांगितली का, असे त्यांनी विचारले. बँकवाली म्हणाली, "मी काही ऐकलं नाही." माझी मुलगी म्हणाली, "मी ऐकलं." पंच म्हणाले, "तो बाहेरचा माणूस. यात तुझा दोष नाही. डाव पुढे खेळ." घड्याळ पुन्हा सुरू झाले. मुलीने घोड्याचा बळी दिला नाही, राजा हलवला. थोड्याच चालींत ती हरली. त्या दोघींनी हात मिळवला. बँकवाली रडत होती, माझी मुलगी नाही.

घरी मी विचारले, "का गं?" ती म्हणाली, "आई, तो यायच्या आधीच मला दिसली होती ती चाल. हात उचलणारच होते. आता खेळले असते तर ती मामाची झाली असती."

नव्या महासंघाचे अध्यक्ष मला ठाण्याबाहेर म्हणाले, "वहिनी, स्वसंरक्षणासाठी मारलं म्हणा, सुटाल." तसे घडलेले नाही. मी मारले तेव्हा त्याची काठी खाली होती. पंचांच्या कानाची आणि त्या मुलाच्या बोटांची तक्रार ज्याची तो करील. भावाविरुद्ध माझी तक्रार एवढीच, की त्याने चाल सांगितली. असे कलम नाही, असे साहेबांनी समजावले. तरी लिहून घ्यावे, असा आग्रह मी धरला.

हा मजकूर हवालदारांनी मला सावकाश वाचून दाखवला. त्यात "झटापटीत पट लागला" असे होते, ते माझ्या सांगण्यावरून खोडून "मारला" असे केले व खाडाखोडीशेजारी माझी सही घेतली. बाकी सर्व मी सांगितले तसेच आहे.