दोन डाव्या बाह्या

(दुपार. शिवणकामाचं दुकान. कापायच्या लांब टेबलावर करडं लोकरीचं कापड पसरलेलं. टेबलाशी भावजय, मशीनवर नणंद.)

भावजय : ती बादली आधी टेबलाखालून काढा, ताई.

नणंद : राहू दे गं. तिचं काय ओझं होतंय तुला?

भावजय : होतंय. तोंड वासून माझी वाट बघत बसलीय. कात्री उचलली की माझं लक्ष कापडावर राहत नाही, बादलीवर जातं.

नणंद : बरं बाई, काढते. पण कापडावर काही झालं तर? पोस्टातल्या बाईंनी बावीस वर्षं पेटीत जपलंय ते. त्यांच्या आईनं कोटासाठी घेतलं आणि शिवायच्या आधीच गेली ती.

भावजय : माहितीय.

नणंद : आणि वीतभरसुद्धा जास्तीचं नाही.

भावजय : तेही माहितीय. मापं मीच घेतलीत.

नणंद : सकाळी काय खाल्लंस?

भावजय : अर्धा टोस्ट.

नणंद : अर्धा! चिमणी बरी.

भावजय : काल पाव खाल्ला होता. पोट रिकामं असलं की मळमळ जास्त माजते, म्हणून खाल्ला. कुरतडत, कुरतडत. तुमच्या भावानं घड्याळ लावलं, वीस मिनिटं लागली म्हणे.

नणंद : त्याला हसायला काय जातंय! काल समोरची शेजारीण मला जिन्यात गाठून विचारते, भावजयीला कितवा लागला?

भावजय : मग काय सांगितलंत?

नणंद : सांगितलं, अकरावा. आठवडा म्हणायचं राहूनच गेलं. तिचे डोळे बघायला हवे होतेस.

भावजय : अकरावाच चाललाय खरा. वकीलबाईंच्या कोटापासून.

नणंद : काढू नकोस तो विषय.

भावजय : काढते. तुम्ही सगळे त्याच्यावर चादर टाकून बसलात, म्हणून तो आत कुजतोय. कापड कमी होतं. घडी घालून कापता येईना, म्हणून एकेरी पसरलं. एकेरी कापताना एक बाही झाली की मापाचा कागद उलटा करायचा, मग दुसरी कापायची. मी उलटा केला नाही. दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या निघाल्या. झालं ते एवढंच.

नणंद : त्या हसल्या गं तेव्हा. म्हणाल्या, देवानं मला दोन डावे हात दिले असते तर आजच घेऊन गेले असते कोट.

भावजय : त्या हसल्या, बाहेर थांबलेली चार गिऱ्हाइकंही हसली. माझ्या पोटातून काहीतरी गोळा होऊन वर आलं, ते अजून खाली बसलेलं नाही.

नणंद : डॉक्टर म्हणाले ना, पोट ठणठणीत आहे?

भावजय : म्हणाले. भीती डोक्यात जन्मली तरी नांदायला पोटात येते.

नणंद : मग नांदू दे चार दिवस. मी आहे ना. आणि हे बघ, रागावू नकोस. मागच्या गल्लीतले मास्तर येतायत चार वाजता.

भावजय : कशाला?

नणंद : कापायला. हे… आणि यापुढचंही. बोललेय मी त्यांच्याशी. तू आपली काजं-बटणं बघ, हातशिलाई बघ.

भावजय : म्हणजे टेबल त्यांचं.

नणंद : तुझा जीव हलका व्हावा म्हणून केलं गं.

भावजय : ताई, या अकरा आठवड्यांत माझ्या हातातून तुम्ही किती वेळा कात्री घेतलीत?

नणंद : कोण मोजतंय!

भावजय : मी मोजलंय. सव्वीस वेळा. कात्री सुटली की मळमळ निवते. लगेच, मंत्र मारल्यासारखी. आणि दुसऱ्या दिवशी दुप्पट जोरानं येते. तिला कळून चुकलंय, जरा वर आलं की हिचं काम सुटतं. मला सोडवता सोडवता तिलाच शहाणं करताय तुम्ही.

नणंद : म्हणजे आता माझंच चुकलं!

भावजय : माया केलीत हो. पण आता पुरे.

नणंद : आणि झाली उलटी तर?

भावजय : अकरा आठवडे मोरीत जाऊन उभी राहतेय. एकदा तरी झाली?

नणंद : …नाही खरी.

भावजय : नुसती दारापर्यंत येते आणि कडी वाजवते.

मास्तर : येऊ का आत? जरा लवकरच आलो. कात्री माझी मीच आणलीय, धार लावून.

नणंद : या मास्तर, बसा. म्हणजे… उभेच राहा जरा.

मास्तर : हेच का कापड? वा! असं आता बघायला मिळत नाही. पण एकेरीच कापावं लागणार.

भावजय : एकेरीच. मी कापतेय, मास्तर.

मास्तर : पण ताई तर म्हणाल्या…

भावजय : ताई, सांगा त्यांना.

नणंद : अगं, ओठ पांढरेफटक पडलेत तुझे.

भावजय : पडू देत. हातही गार झालेत. तरी सांगा.

नणंद : …मास्तर, तुम्हाला उगाच हेलपाटा पडला. इथे कापणारी आहे.

मास्तर : बरं, बरं. मग बघत थांबू का? काही लागलं तर…

भावजय : नका थांबू. तुम्ही भले आहात, पण मानेवर दुसऱ्याचा श्वास आला की माझा अडकतो.

मास्तर : निघतो मग. मनाला लावून घेऊ नकोस पोरी, मी एकाच पायाची पँट शिवलीय. दोनदा.

नणंद : दोनदा?

मास्तर : एकदा तर गिऱ्हाईक घालून घरी गेलं. येतो!

नणंद : गेले बाई. आता?

भावजय : आता तुम्ही कापडाचं ते टोक धरा.

नणंद : मी? अगं, माझ्याच पोटात ढवळायला लागलंय.

भावजय : खरंच?

नणंद : शपथ! बावीस वर्षांचं कापड, आणि मास्तरांना मी हाकलून दिलं!

भावजय : चपला काढा. फरशी गार लागतेय?

नणंद : लागतेय.

भावजय : आता श्वास सोडा. घ्यायला लागतो त्याहून जास्त वेळ सोडायला. गरम चहा फुंकतात तसा. दातावर दात दाबू नका. समोर काय काय दिसतंय ते सांगा.

नणंद : तू दिसतेस. फूटपट्टीसारखी.

भावजय : आणखी?

नणंद : करडं कापड. त्यात बारीक निळा धागा आहे गं, आत्ता दिसला. टाचण्या. खिडकीचा गज… मळमळ जात नाहीये गं.

भावजय : जाणार नाही. ती जायची वाट बघत बसायचं नाही. तिच्यासकट उभं राहायचं.

नणंद : हे तू रोज करतेस?

भावजय : दात घासताना, जिन्यात, बसमध्ये. तुम्ही भाजी वाढू का विचारता तेव्हा.

नणंद : आणि मी म्हणते, जेवायला नाटकं करते.

भावजय : ऐकलंय. भिंत पातळ आहे आपली.

नणंद : …आई कात्री उचलताना काहीतरी पुटपुटायची. मी मशीनखाली चिंध्या वेचत असायचे.
“चाल माझ्या कात्री, उभ्या धाग्याच्या वाटेनं,
थांबू नको बाई, कुणाच्या गं हसण्यानं.”
मला वाटायचं, खुशीत गाते.

भावजय : म्हणत राहा. मी कापते.

नणंद : “चाल माझ्या कात्री…” झाली?

भावजय : एक बाही झाली.

नणंद : थांब, थांब! कागद…

भावजय : ताई.

नणंद : बरं, नाही बोलत.

भावजय : हा बघा, उलटा केला. टाचण्या लावल्या.

नणंद : मग थांबलीस का?

भावजय : वर आलीय. या खेपेला मोठी आहे.

नणंद : कात्री ठेव… नाही, नको. नको ठेवूस.

भावजय : नाही ठेवत. तुम्ही का थांबलात? म्हणा ना.

नणंद : “…उभ्या धाग्याच्या वाटेनं, थांबू नको बाई…”

भावजय : धागा सरळ आहे ना?

नणंद : सरळ आहे.

भावजय : मग झालं तर. ही घ्या. दोन्ही समोरासमोर धरा.

नणंद : एक डावी. आणि ही… ही उजवी. अगं बाई, उजवी आहे गं!

भावजय : रडू नका, लोकरीवर डाग पडेल.

नणंद : गेली का मळमळ?

भावजय : नाही. आहे.

नणंद : मग कॉलर तेवढी उद्या…

भावजय : आजच.

नणंद : पाणी तरी देऊ?

भावजय : नको. खडू द्या.