ओळखा पाहू खिरापत

गरब्याच्या डीजेपायी आपली संस्कृती बुडाली म्हणे, म्हणून यंदा आमच्या पूनम सागरच्या बिल्डिंगमध्ये वर्षाताईंनी भोंडला ठेवला. शेजारच्या हेतलबेन हौसेने विचारायला आल्या, "मैं कुछ बनाऊँ?" तर या म्हणतात, "तुम सिर्फ देखने आओ, ये अपना मराठी लोगों का है." मला असा राग आला! पण बोलणार कोण?

पाटावर हत्ती काढला, आम्ही फेर धरला, गाणी मोबाईलने म्हटली. मग खिरापत. झाकलेल्या डब्यात काय आहे ते सगळ्यांनी ओळखायचं, हीच तर भोंडल्याची गंमत. वर्षाताईंचा डबा मात्र कुठे दिसेना.

"माझी खिरापत कुणाच्या बापाला ओळखता यायची नाही," त्या म्हणाल्या.

तेवढ्यात गेटवरून डिलिव्हरीवाला ओरडला, "वर्षा मॅडम, आपका दो किलो ढोकला!"

ओळखायचं काही उरलंच नाही.  नुसत्या बघायला बसलेल्या हेतलबेननी मांडीवरचा डबा हळूच उघडला. आत वाटली डाळ, वर ओलं खोबरं पेरलेलं.

"वर्षाबेन, ढोकला चाहिए था तो बोलना था ना," त्या म्हणाल्या. "मैं तो आपके डर से यूट्यूब पे मराठी खिरापत सीखके आई!"