ओट्याची उंची

बँकेत गृहकर्जाच्या खिडकीपुढे नंबर लावून बसलो होतो. शेजारी एक ताडमाड नवरा आणि त्याच्या खांद्याला जेमतेम लागणारी बायको. सोबतच्या सासूबाई पाणी प्यायला उठल्या, तसा बायकोने आवाज खाली आणला.

"स्वयंपाकघराच्या ओट्याचं ठरव लवकर. खर्चाचा अंदाज एकदा आत गेला की मग बदल नाही."

"तुझ्या मापाचा करू."

"माझ्या? रोज स्वयंपाक कोण करतं?"

"हळू बोल ना! आई फिरायला गेली की उरकतो मी. तिला वाटतं तूच करतेस."

"आणि मग दिवसभर कंबर धरून बसतोस. हप्ते वीस वर्षं फेडायचेत, राजा. तोवर टिकेल कंबर?"

"उंच ओटा बघितला की तिला लगेच कळेल गं."

"मिस्त्री चुकला म्हणून सांगू."

"मग ती त्या मिस्त्रीला सोडेल होय?"

"गप्प बस. आल्या."

"कसली कुजबुज चाललीय रे?"

"काही नाही, आई. ओटा बुटकाच बरा, असं म्हणत होतो."

"कशाला? चांगला उंच कर. तुला वाकावं लागतं."

"मला?"

"भाजी रोज अळणी असते. मीठ विसरणारा आपल्या घरात लहानपणापासून एकच आहे."

"मग इतके दिवस बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर स्वयंपाक मलाच करावा लागला असता."

"आई!"

"जा, उंचच सांग त्यांना. फक्त मिठाचा डबा माझ्या हाताला लागेल असा ठेव."